आडून ऐकवलेलं प्रेम

आमच्या कापडगिरणीच्या ऑफिसात सहा माणसं होती आणि काम जेमतेम तिघांचं होतं. उरलेला वेळ आम्ही दुसऱ्यांच्या आयुष्यावर खर्च करायचो. मी टायपिंगला होते. माझ्या शेजारी टेलिफोनवाली बसायची. दिवसाला वीस फोन आले तरी तिला थकवा यायचा. पलीकडे स्टोअरकीपर. त्याच्या रजिस्टरात सुतापासून साबणापर्यंत सगळं असायचं आणि कपाटात त्यातलं काहीच नसायचं. बाकीचे दोघे सांगण्यासारखे नव्हते. या सगळ्यांच्या डोक्यावर कार्मिक अधिकारी. समोर आम्ही त्याला साहेब म्हणायचो, मागे दिग्दर्शक.

हे नाव त्याला वार्षिक कार्यक्रमामुळे पडलं होतं. दरवर्षी तो गिरणीतली चारसहा माणसं हाताशी धरून नाटक बसवायचा. त्या वर्षी त्याने जुन्या धर्तीचं एक विनोदी नाटक बसवलं. एक मुलगी पुरुषाचे कपडे घालते, कुणीतरी खोटी चिठ्ठी लिहितं, कुणीतरी झाडामागे उभं राहून नको ते ऐकतं, आणि शेवटच्या प्रवेशात तीन लग्नं लागतात. दुसऱ्या अंकात मुलीची मिशी गळून पडली आणि लोक हसले ते तेवढंच. पण दिग्दर्शकाच्या डोक्यात ते नाटक असं भिनलं की पुढचे दोन महिने चहाच्या वेळी आम्हाला दुसरं काही ऐकायलाच मिळालं नाही. खरं बोलून आजवर कुणाचं जमलेलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. माणूस प्रेमात पडत नाही, त्याला पाडावं लागतं. हे वाक्य तो दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणायचा. त्याची स्वतःची बायको त्याच्याशी भाजी आणि विजेचं बिल यापलीकडे बोलत नाही, हे सगळ्या गिरणीला माहीत होतं. तरी आम्ही माना डोलवायचो. साहेब होता ना.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगते. ती माझ्या नवऱ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं नव्हतं आणि त्याबद्दल तिला कधी काही वाटलेलं आम्हाला दिसलं नव्हतं. मी तिला ताई म्हणायची. ती याच गिरणीत आधी बारा वर्षं मागखात्यात होती. मागखातं म्हणजे दीडशे यंत्रमाग एकदम खडखडणारी भली मोठी शेड. मी एकदाच एक परिपत्रक द्यायला तिथे गेले होते आणि दोन मिनिटांत कान धरून बाहेर आले. तिथल्या बायका एकमेकींकडे बघून नुसतं तोंड हलवत होत्या. ऑफिसात येऊन मी त्याची नक्कल केली तेव्हा सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून ऑफिसात मागावरच्या बायकांना मासे म्हणायची पद्धत पडली. पद्धत मी पाडली, हे सांगायला हवं.

पुढे ताईला तपासणीवर घेतलं. खालून दिवे लावलेल्या तिरक्या काचेच्या टेबलावरून कापडाचं ठाण सरकत जायचं आणि ती बघत राहायची. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, रंगाचा पट्टा, काहीही दिसलं की कापड थांबवायचं आणि तिथे काठाला लाल दोरा बांधायचा. दोरे जास्त झाले की ठाण नापास. मोठमोठ्या लोकांनी तिला समजावून पाहिलं होतं, की बाई, गिऱ्हाईक एवढं बघत नाही. ती म्हणायची, गिऱ्हाइकाला बघायला लागू नये म्हणूनच मला बसवलंय.

तिचं सगळ्यात जास्त वाजायचं ते रंगमास्तरशी. हा रंगखात्याचा प्रमुख. वय बेचाळीस, लग्न नाही, आणि आपण लग्न का केलं नाही हे सांगायची भारी हौस. बायका माणसाला पोखरतात, असं तो कुणी न विचारता सांगायचा. रंगात मात्र त्याचा हात धरणारा नव्हता, आणि हेही तोच सांगायचा. तो नमुना डोळ्यांनी जुळवायचा, वजनकाट्याकडे बघायचासुद्धा नाही. त्याचं ठाण नापास झालं की तो ते खांद्यावर टाकून जिने चढून तपासणीत यायचा आणि दोघांची जुंपायची. तो म्हणायचा, बाईंना निळ्याजांभळ्यातला फरक कळत नाही. ती म्हणायची, मला कळतो, तुमच्या टाकीला कळत नाही. मग तो ठाण तिथेच टाकून निघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने ते परत रंगवून पाठवायचा.

हे भांडण बघून दिग्दर्शकाच्या अंगात आलं. एवढं भांडतात म्हणजे आतून काहीतरी असणार, असं त्याने जाहीर केलं. टेलिफोनवालीने टाळ्या वाजवल्या. दोघांना एकमेकांवर जीव आहे असं दोघांच्याही कानावर घालायचं, पण आडून. आपण बोलतोय आणि चुकून त्यांनी ऐकलं, असं. बाकीचं ते स्वतःच करतील. आणि मग चांगल्या चारचौघांत शेवटचा प्रवेश करायचा.

मला त्यात घेतलं, कारण ताई माझ्या घरात राहायची. खरं म्हणजे मी तिच्या घरात राहायची, पण लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कुणाचं घर कुणाचं हा हिशेब बायकांच्या मनात फिरतोच. आम्हाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मोठी, खिडकीची खोली ताईची. दुसरीत मी, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी, आणि ती आमच्या दोघांच्या मधे झोपायची. दिग्दर्शकाने मला प्रेमावर भाषण दिलं. मी ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर खिडकी आली. मी हो म्हटलं. बाकीच्यांनी गंमत म्हणून केलं. मी खोलीसाठी केलं. आता मागे वळून बघितलं की मला त्यांच्यापेक्षा माझीच जास्त किळस येते, पण तेव्हा मी स्वतःला सांगितलं की तिचंही भलं होईल.

तालमी दिग्दर्शकाच्या केबिनमध्ये झाल्या. केबिनला तिन्ही बाजूंनी काचा. एका बाजूने ऑफिस दिसायचं आणि दुसऱ्या बाजूने, दहाबारा पावलांवर, तपासणीचा हॉल. दार घट्ट लावलं की आतला आवाज बाहेर जात नसे, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दिग्दर्शक स्टोअरकीपरला सुस्कारे टाकायला शिकवत होता. टेलिफोनवालीने ताईची नक्कल केली, पदर नसताना डोळे पुसले, मग हसू आवरेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा. मी काय बोलायचं तेही तिथेच ठरलं. काचेपलीकडे ताई टेबलाशी उभी होती. मान वर करून तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि दिग्दर्शकाने तिला हात केला.

रंगमास्तरला गाठणं अगदीच सोपं गेलं. रोज साडेदहाला तो स्टोअरमध्ये, रंगाच्या पिंपांमागे, एकटा बसून चहा प्यायचा. पिंपांच्या अलीकडे स्टोअरकीपर आणि टेलिफोनवाली बोलायला लागले. की तपासणीबाईंची अवस्था बघवत नाही. की नापास करतात ते का, तर तेवढ्या निमित्ताने तो वर येतो म्हणून. की तो निघून गेल्यावर बाईंच्या डोळ्यांतलं पाणी ठाणावर पडतं आणि त्या ते फडक्याने पुसतात. की त्याला सांगायची सोय नाही, कारण तो टिंगल करील, आणि त्या जीव देतील पण बोलणार नाहीत. पिंपांमागे चहाचा कप वाजायचा बंद झाला, असं टेलिफोनवालीने नंतर दहादा सांगितलं.

असलं काही कुणी माझ्याबद्दल बोललं असतं तर मी आधी विचारलं असतं की हे तुम्हाला कुणी सांगितलं. रंगमास्तरने विचारलं नाही. पंधरा वर्षं बायकांना नावं ठेवणारा माणूस पाच मिनिटांत विरघळला, कारण त्याला जे ऐकायचं होतं तेच कुणीतरी म्हटलं होतं. आपल्यावर कुणी झुरतंय यात त्याला नवल वाटलंच नाही. इतकी वर्षं कुणी का झुरलं नाही, याचंच त्याला नवल वाटत असावं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं ध्यान बघण्यासारखं झालं. नवे शर्ट आले, तीन, तिन्ही फिकट, रंगखात्यात एका दिवसात वाया जाणारे. बोटांवरचा निळा रंग काढायला तो ब्लीचमध्ये हात बुडवून बसायला लागला आणि त्याच्या हातांची सालं निघाली. ठाण नापास झालं की तो वर यायचा, पण आता भांडायला नाही. तो दयेने हसायचा. असू दे, म्हणायचा, मला कळतंय. ताई त्याच्याकडे बघायची, लाल दोरा बांधायची आणि पुढचं ठाण सरकवायची. काचेमागून आम्ही सगळे बघायचो आणि एकमेकांना कोपरं मारायचो.

ताईला गाठायचं काम माझं आणि टेलिफोनवालीचं. बायकांच्या कपाटांच्या खोलीत ती बूट बदलत असताना आम्ही पलीकडच्या रांगेत उभ्या राहून बोललो. रंगमास्तर जेवत नाही, झोपत नाही, तिच्या हातचा लाल दोरा खिशात ठेवतो, वगैरे. ताईने बुटाची नाडी बांधली आणि निघून गेली. मला वाटलं, गेलं वाया. पण त्याच संध्याकाळी जेवताना तिने पानातून वर बघत मला विचारलं, की रंगमास्तरबद्दल ऑफिसात काही बोलणं चालतं का.

मी म्हटलं, चालतं थोडंफार.

“काय?” तिने विचारलं.

मी सांगितलं. कपाटांच्या खोलीत बोलले होते तेच, थोडं तिखटमीठ लावून. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत राहिली. ती नेहमीच तशी बघायची, समोरच्याच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आम्हाला त्याची सवय होती आणि मुलीला त्याची भीती वाटायची. चार दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, की अजून काही म्हणाला का तो. मी आणखी रचलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा मी असं काही सांगितलं जे दिग्दर्शकानेही लिहून दिलं नव्हतं. म्हटलं, तो म्हणतो, बाई नाही म्हणाल्या तर मी ही नोकरी सोडून जाईन. ताईने मान हलवली आणि मुलीच्या ताटात आणखी भात वाढला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. झोपताना त्याने विचारलं, तुला हे सगळं कोण सांगतं? मी म्हटलं, ऑफिसात ऐकते.

तीन आठवड्यांनी दिग्दर्शकाने ठरवलं की फळ पिकलंय. गिरणीच्या कँटीनमध्ये त्याने चहापान ठेवलं. निमित्त काय, तर सबंध महिन्यात गिऱ्हाइकाकडून एकही ठाण परत आलं नाही. वेळ मुद्दाम पाळी बदलायची ठेवली, म्हणजे गर्दी होईल. मागावरच्या साठसत्तर बायका सुटून आल्या होत्या, केसांत कापूस, हातात कप. त्या मागच्या बाजूला भिंतीला लागून उभ्या राहिल्या, कारण खुर्च्या ऑफिसच्या लोकांनी धरल्या होत्या. पुढे एक बुटकं व्यासपीठ.

दिग्दर्शक बोलला. कापडाचे उभे-आडवे धागे, माणसांची मनं, रंग आणि डोळे, असं सगळं त्याने एकात एक गुंतवलं आणि शेवटी तपासणीबाई आणि रंगमास्तर या दोघांना वर बोलावलं. ताई आली तशीच, ॲप्रन घालून. रंगमास्तर तिसरा शर्ट घालून आला होता. दिग्दर्शकाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, आज तुम्हाला काही बोलायचंय असं ऐकतो.

रंगमास्तर बोलायला लागला. एवढ्या लोकांसमोर बोलायला माणूस घाबरतो, पण तो घाबरला नाही, कारण त्याला वाटत होतं की आपण उपकार करतोय. तो म्हणाला, काही माणसं मनातलं बोलू शकत नाहीत. ती नापास करतात, टाकून बोलतात, पण मनात वेगळंच असतं. मला सगळं कळलेलं आहे. बाईंनी आता मनात कुढत बसू नये. त्यांची तयारी असेल तर माझी आहे.

ऑफिसच्या खुर्च्यांमधून टाळ्या. टेलिफोनवालीने खरोखरच डोळ्यांना रुमाल लावला. सगळे ताईकडे बघायला लागले.

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. ती भिंतीजवळच्या बायकांकडे वळली आणि बोलायला लागली. आवाज नाही. फक्त ओठ. सावकाश, पूर्ण तोंड उघडून, मधेमधे हाताने खुणा करत. ती बरंच बोलली, दोन मिनिटं तरी. आम्हाला वाटलं तिला भोवळ आली किंवा रडू फुटतंय. दिग्दर्शकाने पाण्याचा पेला पुढे केला.

तेवढ्यात मागून हसू आलं. आधी एकीचं, मग दहा जणींचं, मग सगळ्या भिंतीचं. त्या एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. एकीने दिग्दर्शकासारखे हात हवेत फिरवले. एकीने डोळे पुसल्याचं सोंग केलं, हुबेहूब टेलिफोनवालीने केबिनमध्ये केलं होतं तसं. ते बघून टेलिफोनवालीचा रुमाल खाली आला. दिग्दर्शक हसत होता, कारण सगळे हसतायत तर आपणही हसावं हे त्याला कळतं. कशाला हसतायत ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी सगळ्यात मागच्या खुर्चीवर होते आणि माझ्या शेजारी भिंतीशी एक म्हातारी विणकरीण उभी होती. तीस वर्षं माग चालवलेली. मी तिला विचारलं, काय म्हणाली ती?

“म्हणाली, काचेच्या खोलीत बसून कुजबुजायला हे लोक मला बहिरी समजले की आंधळी,” ती म्हणाली. “तुमचा साहेब काय बोलला, त्या फोनवालीने काय सोंग काढलं, सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. आम्हाला मागाच्या आवाजात चौथ्या मागावरची बाई काय बोलते ते कळतं, बाई. काचेतून कळायला काय झालं?” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तू तिची भावजय ना? तुझंही सांगितलं तिने.”

मी चहा खाली ठेवला. तो कप मला धरवेना.

व्यासपीठावर रंगमास्तर एकटाच गंभीर उभा होता. लोक हसतायत आणि आपण अजून उत्तराची वाट बघतोय, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा ताई त्याच्याकडे वळली आणि त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, “तुम्ही रंगखात्यात चला. तुम्हाला वेगळं सांगायचंय.” आणि त्याला पुढे घालून ती घेऊन गेली.

तिथे काय झालं ते मला पुढे कधीतरी त्याच्याच तोंडून कळलं. तिने त्याला टाक्यांच्या मधे उभं करून सगळं सांगितलं. मी तुमच्यासाठी एकदाही रडलेले नाही. ठाण नापास केलं ते ठाण खराब होतं म्हणून. त्याने विचारलं, एकदाही नाही? ती म्हणाली, नाही. त्याने विचारलं, मग तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर मला तेव्हाच का नाही सांगितलं? त्यावर ती म्हणाली, हे मात्र माझं चुकलं. तुम्ही किती फुगता ते बघत बसले. आणि मग म्हणाली, “माझ्यावर कुणी मरतंय हे ऐकल्यावर ज्याला मी आवडायला लागते, त्याला मी आवडत नाही. त्याला तो स्वतः आवडतो.” तो टाकीच्या कठड्यावर बसला. शेवटी आपल्या सोललेल्या हातांकडे बघून त्याने विचारलं, की ही कातडी परत नीट येईल का. तिने सांगितलं, येईल, तेल लावा.

त्या संध्याकाळी घरी मी तिची वाट बघत होते. वाटलं होतं ती ओरडेल. ती आली, हात धुतले, मुलीचा अभ्यास घेतला. नवरा दूध आणायला खाली गेला तेव्हा मीच म्हटलं, ताई, चुकलं माझं.

“हो,” ती म्हणाली.

मी म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत होतं तर तुम्ही मला तीन तीन वेळा विचारलंत कशाला?

“केबिनमधलं त्यांनी तुझ्याकडून म्हणवून घेतलं होतं,” ती म्हणाली. “घरात तुला कुणी काही म्हणायला लावत नव्हतं. तू कुठे थांबतेस ते बघत होते.”

मी कुठेच थांबले नव्हते. तिसऱ्यांदा तर आणखी पुढे गेले होते. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मग तिने विचारलं, तुला खोली हवी होती ना? मी मान खाली घातली. ती म्हणाली, “मागायची होतीस.” एवढंच. नंतर तिने हा विषय कधी काढला नाही, नवऱ्यालाही सांगितलं नाही. मीच सांगितलं, आठवड्याने. तो महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

ऑफिसात दिग्दर्शकाने निष्कर्ष काढला की मागावरच्या बायकांना नाटकाची समज नाही, आणि तपासणीबाईंनी शेवट बिघडवला. आपण कुणाशी काही वाईट केलं, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. टेलिफोनवाली आठ दिवस आजारी पडली. केबिनच्या तपासणीकडच्या काचेला मात्र आतून जाड कागद चिकटवला गेला. कुणी चिकटवला ते कुणी कबूल केलं नाही.

रंगमास्तर दीड महिना वर आलाच नाही. त्याची ठाणं यायची, नापास व्हायची, परत जायची. त्याने नवे सोडून पुन्हा जुने शर्ट घातले. बायकांबद्दल बोलणं थांबवलं, निदान मोठ्याने बोलणं. मला वाटलं आता तो सूड उगवेल, कारण अपमान गिळणारा तो माणूस नव्हता. एक दिवस तो वर आला. खांद्यावर ठाण होतं, पण ते अजून तपासणीत आलेलंच नव्हतं, थेट टाकीतून वाळवून आणलेलं. मी तेव्हा सह्या घ्यायला तिथेच उभी होते. त्याने ठाण टेबलावर टाकलं आणि म्हणाला, हे नापास करा. हिरवा बसलाय पण मधल्या वीस मीटरला पिवळा चढलाय. माझी चूक, मी पाणी बदललं नाही.

ताईने दिवे लावले. वीस मीटर सरकवलं, बघितलं. म्हणाली, “बावीस.”

तो वाकून बघायला लागला. दोघं पाच मिनिटं त्या दोन मीटरवर वाद घालत होती, आणि शेवटी तो म्हणाला, हो, बावीस.

त्यानंतर तो आठवड्यातून एखाददा यायचा, दर वेळी स्वतःची काहीतरी चूक घेऊन. मी हे हसण्यावारी नेत होते. वाटायचं, काय माणूस आहे, मागे नव्या शर्टांनी जिंकायला निघाला होता, आता डाग दाखवून निघालाय. पण एकदा मी न विचारताच ताईने मला सांगितलं, की या माणसाने पंधरा वर्षांत एकदाही चूक मान्य केली नव्हती, आणि आता शिकतोय तर त्याला जड जातंय, घाम फुटतो. हे सांगताना तिच्या आवाजात तिरस्कार नव्हता. रंगमास्तरबद्दल तिला तिरस्काराशिवाय बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, बघतेस काय, भात करपतोय.

पुढे एका रविवारी तो घरी आला. नेहमीच्याच कपड्यांत, बोटं निळी. बसायला सांगितलं तरी उभाच राहिला आणि नवऱ्यासमोर, माझ्यासमोर, मुलीसमोर ताईला म्हणाला, “आज मला कुणी काही सांगितलेलं नाही. तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतं मला माहीत नाही. मला विचारायचंय.” ताईने त्याला सांगितलं की तिलाही अजून नीट माहीत नाही, आणि चहा ठेवायला आत गेली. तिला माहीत व्हायला पुढे अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत तिने त्याची सदतीस ठाणं नापास केली. आकडा तो सांगतो, अभिमानाने.

लग्न नोंदणीच्या कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून माझ्या नवऱ्याने सही केली, दुसरी त्या म्हाताऱ्या विणकरणीने आणि तिसरी रंगखात्यातल्या एका माणसाने. मला कुणी विचारलं नाही आणि मी अपेक्षाही केली नव्हती. दिग्दर्शक बोलावलं नसताना आला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो हात मिळवून सांगत होता की हे मूळ काम त्याचं, उशिरा का होईना शेवट गोड झाला, आणि खोट्याशिवाय प्रेम जमत नाही हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. लोक हसून मान डोलवत होते. मीही एकदा डोलवली, सवयीने, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली. रंगमास्तरने ते ऐकलं. त्याच्याशी हात मिळवायची वेळ आली तेव्हा आपले दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाला, रंग लागेल.

चार दिवसांनी ताई सामान न्यायला आली. फार नव्हतं. एक ट्रंक, एक दिवा, पुस्तकांचं एक खोकं. नवऱ्याने ट्रंक खाली नेली. मी दारात उभी राहून बघत होते. तिने खिडकी बंद केली, पडदा झटकला आणि खोलीची किल्ली काढली. मी हात पुढे केला होता. तिने माझ्या मुलीला जवळ बोलावून ती तिच्या मुठीत दिली.

“खोली तुझी,” ती तिला म्हणाली. “आत कोणाला घ्यायचं ते तू ठरवायचंस.”

मुलीने आधी आपल्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.